मधल्या सिलेंडरचं मिसिंग

आमच्या गावातल्या एका गॅरेजवाल्याविषयी मी चारचौघांत जे बोललो ते खोटं होतं. बोललो तेव्हा मला ते खरं वाटत होतं, एवढंच माझ्या बाजूनं सांगण्यासारखं आहे. पुढं ते खोटं असल्याचं कळल्यावरही मी काही दिवस गप्प बसलो. त्या गप्प बसण्याला मात्र कसलीच बाजू नाही. माझं बोलणं गावभर फिरलं, राहुरीपर्यंत गेलं. मागाहून मी ते मागं घेतलं, पण मागं घेतलेलं बोलणं तितक्या लांब जात नाही हे मला दिसतं आहे. म्हणून जे झालं ते पहिल्यापासून लिहून ठेवतो.

मी साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून लागलो आणि फोरमन होऊन निवृत्त झालो. ट्रॅक्टर, ट्रक, पाण्याची इंजिनं, सगळं आयुष्य डिझेलच्या वासात गेलं. इंजिनाचा आवाज ऐकून कुठलं सिलेंडर काम करत नाही ते मी सांगायचो, आणि शेजारच्या गावातले लोक त्यासाठी मला मोटारसायकलवर बसवून न्यायचे. निवृत्तीनंतर पगार थांबला, पण नावामागचं फोरमन काही गेलं नाही. गाडीच्या बाबतीत गावात माझा शब्द चालायचा. पुढचं सगळं घडलं ते त्यामुळंच.

घरी तीन सिलेंडरची छोटी पेट्रोल गाडी आहे. मुलीनं नवी घेतली तेव्हा जुनी आम्हाला दिली. माझ्या बायकोचं माहेर संगमनेरपुढच्या अकोल्याच्या वर, भंडारदऱ्याकडं. तिचे गुडघे धरतात, एसटीच्या पायऱ्या तिला चढवत नाहीत. वर्षातून तीनचार वेळा तिला माहेरी नेऊन आणायचं, हेच त्या गाडीचं मुख्य काम.

गॅरेजवाला पन्नाशीकडं झुकलेला माणूस. नगर-मनमाड रस्त्याच्या फाट्यावर त्याची पत्र्याची शेड आहे. त्याचे वडील माझ्याबरोबर वर्कशॉपमध्ये वेल्डर होते. ख्रिस्ती घर, चर्चच्या मागच्या आळीतलं. खंडेनवमीला वर्कशॉपमध्ये हत्यारांची पूजा व्हायची. त्याचे वडील आदल्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन पाने, हातोडे, जॅक रॉकेलनं धुऊन चकचकीत करायचे, ओळीनं मांडून ठेवायचे, आणि पूजेच्या वेळी दाराशी उभे राहायचे. प्रसाद खायचे, गप्पा मारायचे, घरी जायचे. त्यांनी फूल का वाहिलं नाही असं त्या सगळ्या वर्षांत कुणी विचारलं नाही. ते पहिल्यांदा तोंडातून काढलं ते मी, आणि तेही ते गेल्यानंतर, त्यांच्या मुलाविषयी.

मागल्या साली दसऱ्याच्या तोंडावर गाडीच्या टॅपेट कव्हरमधून तेल झिरपायला लागलं. डिझेल असतं तर मीच उघडलं असतं. हे पेट्रोल, वर प्लगला करंट देणाऱ्या तीन कॉइल बसवलेल्या, म्हणून गाडी त्याच्याकडं टाकली. त्यानं कव्हरचं पॅकिंग बदललं, प्लग नवे घातले, ऑइल बदललं, आणि अष्टमीच्या संध्याकाळी गाडी आणून दारात लावली. आवाज छान होता. मीच तसं त्याला म्हणालो.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. पटांगणातला गावचा नारळ फोडून आल्यावर, वर्कशॉपमध्ये करायचो तशीच मी घरी पूजा केली. बॉनेट उघडलं, इंजिनाला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला, त्याचं पाणी इंजिनावर ओतलं, उरलेलं चाकांवर शिंपडलं. बायकोनं ओवाळलं. दसऱ्याला सकाळीच तिला घेऊन माहेरी निघालो.

संगमनेर सोडलं आणि गाडीनं धक्के द्यायला सुरुवात केली. माणूस चालताना एखादं पाऊल चुकतो तशी ती चुकत होती. आमच्याकडं याला मिसिंग म्हणतात. इंजिनाचा पिवळा दिवा लागला. कसेबसे पोचलो, कसेबसे परत आलो, आणि मी सरळ फाट्यावर गेलो.

त्यानं स्कॅनर लावला. मधलं सिलेंडर मिस मारतंय असं निघालं. त्यानं मधली कॉइल उपसली, प्लगच्या खड्ड्यात बॅटरीचा उजेड मारून बराच वेळ बघितलं, मग फडक्यानं आत काहीतरी पुसलं. माझ्याकडं न बघता म्हणाला, "काका, इंजिनवर काय सांडलं हुतं का? धुतलं-बितलं?"

"काय सांडायचंय? तुझ्याकडनं आली ती दारात उभी हुती."

मी खोटं बोललो नव्हतो. पूजेला कोण सांडणं म्हणतं? माझ्या डोक्यात तो प्रश्न म्हणजे आपली चूक माझ्यावर ढकलायची वाट होती. मग तो म्हणाला की कॉइल गेली आहे, नवी टाकू. त्यावर मी चिडलो. त्याच्या हातात जाईपर्यंत ती कॉइल चांगली होती, त्यानं काय काढलं-घातलं ते त्यानं बघावं, असं सुनावलं. तो वाद घालत बसला नाही. पुसून, हवा मारून तीच परत बसवली. गाडी चार दिवस नीट चालली आणि पुन्हा चुकायला लागली.

हिवाळाभर हेच चाललं. मी गाडी न्यायचो, तो कॉइल म्हणायचा, मी नाही म्हणायचो, तो साफ करून द्यायचा. एकदा त्यानं इंजेक्टरही उतरवून धुतले, माझं समाधान व्हावं म्हणून. प्रत्येक वेळी गाडी थोडे दिवस सुधारायची, आणि प्रत्येक वेळी माझी खात्री वाढायची की पॅकिंग बसवताना यानं काहीतरी घोळ घातला आणि आता लपवतोय.

फाट्यावर त्याच्या शेडच्या समोरच चहाचं हॉटेल आहे. दुधाच्या टेम्पोवाले, शाळेच्या व्हॅनचा ड्रायव्हर, उसाच्या ट्रॅक्टरवाले सकाळी तिथं बसतात. हॉटेलवाल्यानं मला सहज विचारलं, "काय फोरमन, सुधारली का गाडी?"

मी म्हणालो, "ज्यानं जन्मात हत्याराला एक फूल वाहिलं न्हाई, त्याच्या हाताला यश कुठनं येनार?"

दोघंतिघं हसले. व्हॅनचा ड्रायव्हर हसला नाही, त्यानं ग्लास ठेवला आणि उठून गेला. रस्त्यापलीकडं गॅरेजवाला कुणाच्या तरी गाडीखाली पडलेला होता, फक्त पाय दिसत होते. त्याच्या कानावर त्याच वेळी गेलं की मागून कुणी नेऊन घातलं, ते मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही.

एखाद्या रिकामटेकड्यानं हे म्हटलं असतं तर चहाबरोबर विसरलं गेलं असतं. फोरमन म्हणाला म्हणून ते टिकलं. टेम्पोवाले एकएक करून राहुरीला जायला लागले. कुणी काम बिघडलं म्हणून गेलं नाही, फोरमनची गाडी त्याला जमली नाही म्हणून गेले. काहींनी माझं वाक्य जसंच्या तसं पुढं ढकललं. शेडपुढं सकाळी गाड्या लागलेल्या असायच्या, ती जागा मोकळी दिसायला लागली. मला ते दिसत होतं. बरोबरच झालं असंच मला वाटत होतं.

उन्हाळ्यात मिसिंग जवळजवळ थांबलं. पावसाळ्यात मेव्हणा आजारी पडला म्हणून आम्ही भंडारदऱ्याकडं निघालो. राहुरी कोरडी होती, तिथं गाडी ठीक. अकोलं सोडून वर चढायला लागलो, धुकं आलं, झिमझिम सुरू झाली, आणि गाडीनं अंग टाकलं. चढावर पहिल्या गिअरमध्येही ओढेना. मागं धबधबे बघायला आलेल्यांच्या गाड्यांची रांग लागली, हॉर्न वाजायला लागले. शेवटी दोन अनोळखी पोरांनी धक्का देऊन गाडी कडेला लावली. बायको आतच बसून होती, गुडघ्यांवर शाल घेऊन. ती एवढंच म्हणाली, "भावाला बघायला निघालो हाय, दिवसाउजेडी पोचवा म्हंजे झालं."

त्या कडेला उभं राहिल्यावर मी पहिल्यांदा फोरमनसारखा विचार केला. कोरड्या हवेत ठीक, दमट हवेत वाईट. ऊन लागलं की बरी, धुकं लागलं की आजारी. म्हणजे तेलाचा किंवा इंजेक्टरचा संबंध नाही. करंट कुठंतरी बाहेर गळतोय आणि ओलाव्यानं त्याला वाट मिळतेय. कारखान्यात असतो तर हे मला पहिल्या आठवड्यात कळलं असतं. इथं मला दोष सापडायच्या आधी दोषी सापडला होता, त्यामुळं पुढं बघायची गरजच वाटली नव्हती.

तेव्हासुद्धा मी ठरवलं ते असं की आता पुरावा काढायचा. पॅकिंगचं सील वाकडं बसलं असणार, प्लगच्या खड्ड्यात तेल उतरलं असणार, तेलानं कॉइलची रबरी टोपी खराब झाली असणार. ते उघडून त्याच्यासमोर धरायचं. धुकं विरल्यावर गाडी कशीबशी मेव्हण्याकडं पोचली; त्याला बघून घरी आल्यावर बायकोला तसं सांगितलं.

ती म्हणाली, "आधी मिसिंग काढा. पुरावा काय पळून जात न्हाई."

सकाळचा चहा झाल्यावर मी गाडी लिंबाखाली घेतली, तरट अंथरलं, जुनी पेटी बाहेर काढली. डिझेल इंजिनाचं मेलेलं सिलेंडर शोधायची आमची रीत साधी. इंजिन चालू ठेवायचं आणि एकेका सिलेंडरच्या डिझेल पाइपचा नट ढिला करायचा. ज्याचा नट ढिला केल्यावर आवाज पडतो ते सिलेंडर जिवंत, ज्याच्यानं काहीच फरक पडत नाही ते मेलेलं. इथं नट नव्हते, मी कॉइलची वायरची टोपणं काढून तेच केलं. पहिलं काढलं, इंजिन थरथरलं. लावलं. तिसरं काढलं, तसंच. मधलं काढलं, इंजिनाला पत्ताही नाही. बायकोची इस्त्रीची पाण्याची बाटली घेऊन त्याआधी तिन्ही कॉइलभोवती बारीक फवारा मारला होता, पहिलीचं आणि तिसरीचं काही बिघडलं नव्हतं. मधली मात्र तेवढ्या ओलाव्यानं पार झोपली होती.

इंजिन बंद केलं, गार होऊ दिलं. मधली कॉइल पहिल्या जागी आणि पहिली मधे, अशी अदलाबदल केली. चालू केलं. मिसिंग पहिल्या सिलेंडरवर गेलं. कॉइलबरोबर गेलं.

म्हणजे दोष कॉइलमध्ये होता. पॅकिंग नाही, इंजेक्टर नाही. त्यानं पहिल्याच दिवशी जे सांगितलं होतं तेच. हे कळूनही मी उठलो नाही, कारण माझ्या हातात अजून एक आशा होती. कॉइल खराब झाली ती तेलानं, आणि तेल उतरलं ते त्याच्या हातानं. मी काडीला पांढरं फडकं गुंडाळलं आणि मधल्या प्लगच्या खड्ड्यात तळापर्यंत घालून फिरवलं. काळं तेल येणार म्हणून उन्हाकडं धरून बघितलं.

फडकं लाल झालं होतं.

गंज असेल म्हणून बोटानं चोळलं. चिकट लागलं. गंज चिकट नसतो. पुन्हा घातलं, पुन्हा लाल, कडेला पिवळट, आणि या वेळी फडक्याला एक बारीक तंतू अडकून आला. नारळाच्या शेंडीचा. मग कॉइलची रबरी टोपी उन्हात धरली. तिच्या अंगावर वरपासून खालपर्यंत केसासारखी काळी रेघ जळलेली होती. करंट प्लगमध्ये जायचा सोडून त्या रेघेवरून इंजिनाच्या अंगावर उतरत होता.

बायको पाणी घेऊन आली होती. तिनं फडकं हातात घेतलं, बघितलं, आणि म्हणाली, "कुंकू हाय हे." फडकं परत माझ्या हातात देत म्हणाली, "आपलंच."

डिझेल इंजिनाच्या डोक्यावर करंट नसतो. आम्ही आयुष्यभर त्यावर नारळ ओतले, इंजिनानं कधी हूं की चूं केलं नाही. या गाडीचा प्लग विहिरीसारख्या खोल खड्ड्यात बसतो, त्यात वरून कॉइलची टोपी जाते. मी ओतलेलं पाणी कुंकू घेऊन टोपीच्या कडेनं आत उतरलं आणि तिथंच राहिलं. गोडसर, खारट, चिकट पाणी. ते वाळलं की गाडी बरी, हवा दमट झाली की पुन्हा ओलं. हे मला समजायला पाच मिनिटंही लागली नाहीत. एवढं सोपं होतं.

यानंतर मी जे केलं ते लिहायचं म्हणूनच हे सगळं लिहितो आहे. मी नगरला जाऊन नवी कॉइल आणली, खड्डा साफ केला, प्लग बदलला, आणि गाडी बरी केली. हॉटेलात गेलो तर हॉटेलवाला म्हणाला, शेवटी फोरमननीच काढलं म्हणायचं मिसिंग. कुणीतरी विचारलं, काय निघालं? मी म्हणालो, कॉइल. शब्द खरा होता. बाकीचं सगळं मी चहाबरोबर गिळलं. त्यांनी माझं कौतुक केलं आणि मी ते ऐकून घेतलं. रस्त्यापलीकडची शेड मोकळी होती.

नवरात्र बसायच्या सुमारास मी बायकोला म्हणालो, दसऱ्याला जायचं ना माहेरी. ती भाजी निवडत होती.

"त्याच्या बापानं आपल्या लग्नात मांडवाचे खांब जोडून दिले हुते," ती म्हणाली. "मी त्या गाडीत बसनार न्हाई. तुमी बोलल्याशिवाय न्हाई."

मी त्याच दिवशी फाट्यावर गेलो. तो एकटाच होता, एका स्कूटरचा कार्बोरेटर साफ करत होता. मी जुनी कॉइल आणि ते फडकं त्याच्या टेबलावर ठेवलं आणि सांगितलं की हे मधल्या खड्ड्यात निघालं, आणि ते मी घातलेलं आहे.

त्यानं फडक्याकडं नीट बघितलंसुद्धा नाही. "मला पयल्याच दिवशी दिसलं हुतं काका."

"मग बोलला का न्हाईस?"

त्यानं हात पुसले. "मी काय बोलनार? तुमच्या पूजेनं गाडी बिघडली, असं? मी? या गावात?"

त्यानं कार्बोरेटर पुन्हा हातात घेतला. मग तो म्हणाला, "सांडलं हुतं का म्हनून इचारलं. तुमी न्हाई म्हनलात. म्हनलं नवी कॉइल टाकू, मिटंल. ती बी तुमी टाकू दिली न्हाई."

मी त्याला सांगितलं की खंडेनवमीला मारुतीपुढच्या पटांगणात सगळ्यांसमोर हे बोलणार आहे. तिथं गावच्या गाड्या ओळीनं लागतात आणि पहिला नारळ मी फोडतो, निवृत्त झाल्यापासूनची रीत आहे. मला वाटलं होतं त्याला बरं वाटेल. तो घाबरला. कॉइल खराब होती एवढंच सांगा म्हणाला, नारळाचं नाव काढू नका. काढलंत तर लोक म्हणतील मीच तुम्हाला शिकवून पाठवलं.

मी म्हणालो, "कॉइल म्हनून मी एकदा सांगून बसलोय. अर्धं सांगून काय झालं ते तुझ्या शेडपुढं दिसतंय. मी पुरं सांगनार. तुझं नाव घेनार न्हाई, माझं घेईन."

त्यानं कार्बोरेटर स्कूटरला बसवून नट आवळला. शेवटी म्हणाला, "नाव नका घेऊ मात्र." त्याचं नाव इथंही लिहिलेलं नाही, ते त्यामुळं.

खंडेनवमीला पटांगणात ट्रॅक्टर, टेम्पो, दोन जेसीबी, मोटारसायकली लागल्या होत्या. माझ्या हातात नारळ दिला. मी तो हातातच ठेवला आणि बोललो. मागल्या साली मी हॉटेलात काय वाक्य म्हणालो होतो ते आधी पुन्हा म्हणून दाखवलं, कारण काहींना ते नुसतं ऐकीव माहीत होतं. मग पाणी कुणी ओतलं, कुठं गेलं, कुंकू कुठं सापडलं, कॉइल बदला असं मला पहिल्या दिवशी सांगितलं गेलं होतं आणि मी ऐकलं नाही, हे सगळं सांगितलं. नवी कॉइल टाकून मी शहाणा म्हणून मिरवलो, तेही सांगितलं. माझा आवाज मोठा आहे, वर्कशॉपमध्ये मशिनींवरून ओरडायची सवय. त्या दिवशी तो उपयोगी पडला.

एक टेम्पोवाला म्हणाला, "म्हंजे फोरमन, देवानंच मिसिंग घातलं म्हना की."

"देवानं न्हाई. म्या घातलं. देवानं बॉनेट उघडायला सांगितलं नव्हतं."

काही जण हसले. एका वयस्करानं सणाच्या दिवशी असलं बोलू नये म्हणून तोंड फिरवलं. मी गाडीचं बॉनेट बंदच ठेवलं, त्यावर हळदकुंकू वाहिलं, आणि नारळ चाकापुढच्या दगडावर फोडला. पाणी मातीत गेलं. माझ्यामागून बऱ्याच जणांनी बॉनेटं खाली केली.

शाळेची व्हॅन त्याच्याकडं परत आली. दुधाच्या टेम्पोंपैकी एकच आला, बाकीच्यांची राहुरीची सवय झाली आहे. ते माझ्या हातून गेलेलं आहे आणि मी ते परत आणू शकत नाही. दिसेल त्या टेम्पोवाल्याला मी अजून थांबवून सांगतो. ते मान हलवतात, आणि राहुरीला जातात.

दसऱ्याला बायको गाडीत बसली. परत आल्यावर मी सर्व्हिसिंगसाठी गाडी त्याच्याकडं लावली. पूर्वी तो गाडी बघायच्या आधी चहा सांगायचा. त्या दिवशी सांगितला नाही. तिन्ही कॉइल उपसून त्यानं बॅटरी मारून खड्डे बघितले. मी विचारायची वाट बघितली नाही. काही सांडलेलं नाही, नारळ दगडावर फोडला, असं आपणहून सांगितलं. त्यानं मान हलवली, कॉइल दाबून बसवल्या, इंजिन चालू केलं आणि बाजूला झाला.

"ऐका," तो म्हणाला.

मी वाकलो, डोळे मिटले आणि ऐकलं. घाई केली नाही. मग त्याला सांगितलं की तिन्ही चालतायत.